फडात शिरलेले चाक आणि प्रवरेची काळी माती
अवजड यंत्रांनी दबणाऱ्या ऊस-जमिनीच्या प्रश्नाचा आढावा

गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हारच्या प्रवरा पुलावरून रात्रंदिवस ऊस जात असतो. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, टायरगाड्या, अधूनमधून ट्रक. नगर-मनमाड रस्त्याला जिथे घोटीकडे जाणारा राज्यमार्ग फुटतो, त्या या गावाला ही वर्दळ नवी नाही. तिच्याबद्दल बोललेही पुष्कळ जाते: अपघात, खड्डे, रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या. पण ऊस रस्त्याला लागण्याआधी फडातून बाहेर काढावा लागतो. त्या दोन-चारशे फुटांच्या वाटेवर चाकाखाली डांबर नसते, काळी माती असते. त्या मातीचे पुढे काय होते, हा प्रश्न हार्वेस्टर, म्हणजे ऊसतोडणी यंत्र, आल्यापासून शेतकरी, कारखाने आणि मृदाशास्त्रज्ञ या तिघांनाही टाळता येईनासा झाला आहे.

जगात हा प्रश्न आधी गाजला तो जंगलांत. स्वीडन, फिनलंड, जर्मनी या देशांत झाडे तोडणारी आणि ओंडके वाहणारी अवजड यंत्रे आली, तसे त्यांच्या चाकांखाली जंगलाची भुसभुशीत माती दबू लागली. चाकोऱ्यांत पाणी साचू लागले आणि त्या पट्ट्यांत नवी रोपे नीट मूळ धरीनाशी झाली. महाराष्ट्रातल्या जंगलांत मात्र ही वेळ अजून आलेली नाही. इथल्या सागाची तोड बहुतांशी करवत आणि माणसांच्या हातांनीच होते. आपल्याकडे अवजड तोडणी यंत्र खऱ्या अर्थाने शिरले ते उसाच्या फडात, आणि जंगलात जे प्रश्न उभे राहिले तेच आता प्रवरेच्या काठी विचारले जात आहेत.

पार्श्वभूमी: कालवा, कारखाना, खोडवा

भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पूर्ण झाले आणि प्रवरेच्या डाव्या-उजव्या कालव्यांनी संगमनेरच्या खालचा सारा पट्टा बदलून टाकला. बाजरी-ज्वारीच्या जमिनीत ऊस उभा राहिला. सुरुवातीला बेलापूर कंपनीसारखे खासगी कारखाने होते. मग विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीला सहकारी कारखाना उभा राहिला आणि 1950-51 मध्ये त्याचा पहिला गळीत हंगाम झाला. पुढे कोपरगाव, संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर, नेवासे अशी कारखान्यांची साखळीच तयार झाली. 1968 मध्ये राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आले. कोल्हारपासून जवळच बाभळेश्वरला कृषी विज्ञान केंद्र आहे. राज्यात उसाचा इतका दीर्घ अनुभव असलेला पट्टा शोधूनही क्वचितच सापडेल.

या पट्ट्याने जमिनीचे दुखणेही लवकर पाहिले. कालव्याच्या पाण्याने खोल काळ्या जमिनी पाणथळ झाल्या, काही सोडियम वाढून चोपण झाल्या. त्यामुळे जमीन 'मारली जाते' ही कल्पना इथल्या शेतकऱ्याला नव्याने समजावून सांगावी लागत नाही. मात्र त्या काळी दोष पाण्याचा होता, चाकाचा नव्हता. ऊस बैलगाडीतून जात असे. नंतर गाडीला रबरी टायर आले आणि टायरगाडी दोन-तीन टन ओढू लागली. ट्रॅक्टर-ट्रॉली आली तसे एका खेपेचे वजन आठ-दहा टनांवर गेले. शेवटी हार्वेस्टर आला आणि त्याच्या बरोबरीने फडातून ऊस बाहेर आणणारी गाडी, म्हणजे इनफिल्डर, आली. मोठ्या हार्वेस्टरचे स्वतःचे वजनच पंधरा टनांच्या पुढे जाते.

एक गोष्ट पिकाच्या स्वभावातली. लागणीचा ऊस तुटला की त्याच बुडख्यांतून खोडवा येतो, पुढे काही जण निडवाही घेतात. म्हणजे तोडणीच्या दिवशी चाकाखाली येणारी जमीन पुढच्या पिकाला तशीच मिळते, कारण मध्ये नांगरट होत नाही. गहू-हरभऱ्याच्या शेतात मळणीयंत्राने केलेली चूक पुढच्या नांगरटीत निदान वरच्या थरापुरती तरी निस्तरता येते. उसात ती दोन-तीन वर्षे तशीच राहते.

माती दबते म्हणजे नेमके काय होते

चांगल्या काळ्या मातीच्या आकारमानात जवळजवळ निम्मी पोकळी असते. तिच्यातल्या मोठ्या छिद्रांतून पाणी खाली झिरपते, हवा खेळते आणि मुळे वाट काढतात. चाकाचा दाब आला की सगळ्यात आधी ही मोठी छिद्रे मिटतात. बारीक छिद्रे राहतात, त्यांत पाणीही राहते, पण ते हलत नाही. म्हणून दबलेली जमीन एकाच वेळी ओलीही असते आणि पिकाला कोरडीही वाटते.

हे मोजायच्या दोन साध्या रीती आहेत. पहिली म्हणजे मातीची घनता. चिकण मातीची घनता दर घन सेंटिमीटरला 1.1 ग्रॅमच्या आसपास असेल तर मुळांना सोयीचे असते. 1.47 च्या पुढे मुळांची वाढ अडते, असा सर्वसाधारण निकष वापरला जातो. दुसरी रीत म्हणजे जमिनीत टोकदार दांडा खुपसून विरोध मोजणे. हा विरोध 2 मेगापास्कलपर्यंत गेला की बहुतेक पिकांची मुळे रेंगाळतात.

उपकरण नसले तरी चालते. खोडव्याच्या फडात दोन सऱ्यांच्या मध्ये दोन फुटांचा खड्डा घेतला की बरेच काही दिसते. वरची चार-सहा बोटे माती भुसभुशीत, पाचटाचे तुकडे मिसळलेली असते. तिच्याखाली फावडे अडते. तिथली माती कणीदार ढेकळांत फुटण्याऐवजी आडव्या पापुद्र्यांनी सुटते, तिचा रंग किंचित निळसर-राखाडी असतो आणि वास कोंदट. पांढरी मुळे तिथवर सरळ येतात आणि मग काटकोनात वळून त्या थरावरून आडवी पसरतात. शेजारी, ज्या पट्ट्यावरून चाक गेलेले नाही तिथे, तीच मुळे खाली उतरलेली असतात.

दाब किती खोल जातो, हे दोन वेगळ्या गोष्टींवर ठरते आणि चर्चेत त्यांची नेहमी गल्लत होते. वरच्या थरावरचा ताण टायरमधल्या हवेच्या दाबावर अवलंबून असतो, तर खालच्या थरापर्यंत पोहोचणारा ताण मुख्यतः आसावरच्या एकूण वजनावर. बैलाच्या खुराखालचा दाब कमी नसतो, पण वजन थोडे असल्याने तो वरच्या काही बोटांतच जिरतो. रुंद टायर लावले की वरची माती वाचते, पण आसावर दहा टन असतील तर दीड-दोन फुटांखालच्या मातीला तो भार जाणवतोच.

तिसरा घटक ओल. मशागतीजोग्या ओलीला शेतकरी वाफसा म्हणतो; त्याच्या अलीकडे आणि पलीकडे माती अगदी वेगळी वागते. सुकलेली काळी जमीन मोठा भार सोसते. पूर्ण भिजलेल्या जमिनीत चाक रुतते, खड्डा पडतो, चिखल होतो आणि नुकसान उघड दिसते. या दोहोंच्या मधली, वरून सुकलेली पण आत ओल धरून असलेली जमीन सगळ्यात फसवी असते. वर चाकाची खूण जेमतेम उमटते, पण दाब खोलवर जातो.

यंत्र आले कशामुळे

पाथर्डी, शेवगाव, आष्टी आणि बीडच्या गावांतून लाखो मजूर दर हंगामात ऊसतोडीला बाहेर पडतात. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. त्या कोयत्याची दिवसाची तोड साधारण दोन टनांच्या आसपास. मुकादमाला दिलेली उचल, ती बुडण्याची भीती, टोळ्या वेळेवर न येणे, फडात आल्यावर मागितली जाणारी खुशाली अशा तक्रारी कारखाने आणि शेतकरी वर्षानुवर्षे करत आले आहेत. दुसऱ्या बाजूला या कामाने मजुरांच्या, विशेषतः बायकांच्या, आरोग्याचे केलेले हाल बीड जिल्ह्यातल्या गर्भाशय शस्त्रक्रियांच्या चौकशीच्या निमित्ताने 2019 मध्ये राज्यापुढे आले. पुढची पिढी कोयता धरायला तयार नाही, आणि तिने तो धरावा असे म्हणण्याचा नैतिक अधिकार कोणाला नाही.

2021-22 च्या हंगामाने ही टंचाई ठळक केली. महाराष्ट्रात त्या वर्षी साखरेचे उत्पादन सुमारे 137 लाख टनांवर गेले, फड संपता संपेनात आणि गाळप जूनच्या मध्यापर्यंत चालले. वाहतूक आणि साखरेचा घटलेला उतारा यांपोटी सरकारला अनुदान द्यावे लागले. त्यानंतर 2023 मध्ये राष्ट्रीय कृषी विकास योजनेतून 900 ऊसतोडणी यंत्रांसाठी अनुदानाचा प्रकल्प मंजूर झाला: किमतीच्या 40 टक्के किंवा 35 लाख रुपये, यांपैकी जे कमी असेल ते. मोठे यंत्र दिवसाला शंभर टनांहून अधिक ऊस तोडू शकते. म्हणजे पन्नासेक कोयत्यांचे काम एका यंत्रावर आले.

कोणाचे म्हणणे काय

यंत्राच्या बाजूने बोलणारे, म्हणजे मुख्यतः कारखान्यांचे शेतकी विभाग आणि यंत्रमालक, पहिली गोष्ट वेळेची सांगतात. तुटलेला ऊस लवकर गाळपाला गेला तर उतारा राखला जातो. यंत्र जमिनीलगत तोडते, त्यामुळे बुडख्याजवळचा गोड भाग वाया जात नाही. पाचट कापून तिथेच पसरते, म्हणून पेटवले जात नाही. जमीन दबण्याच्या आक्षेपावरही त्यांचे उत्तर आहे आणि ते दुर्लक्षित करावे असे नाही: हाताने तोडलेल्या फडात रस्त्यावरची ट्रॉलीच आत जाते, तिच्या टायरमध्ये रस्त्याला लागणारी कडक हवा असते आणि ती मोळ्यांनी भरेपर्यंत तासन् तास आत उभी राहते. यंत्राच्या पद्धतीत इनफिल्डर ऊस बांधावर आणून टाकतो आणि रस्त्यावरची गाडी रस्त्यावरच थांबू शकते.

शेतकऱ्यांची तक्रार खोडव्यापासून सुरू होते. चाक बुडख्यावरून गेले की फूट कमी होते, ओळीत नांग्या पडतात. यंत्राला वळायला जागा लागते, ती लहान तुकड्यांत नसते. 2015-16 च्या कृषिगणनेनुसार राज्यातली सरासरी धारणा 1.34 हेक्टर आहे, आणि तीही बहुधा एका जागी नसते. वळणावर बांध, पाट, ठिबकच्या नळ्या दबतात. उसातल्या पाचटापोटी वजनात होणारी कपात हा आणखी एक वाद. शेतकऱ्याचा मूळ मुद्दा असा, की यंत्र केव्हा यायचे हे तो ठरवत नाही, पण आल्यानंतर जमिनीचे जे होते ते त्यालाच भोगावे लागते.

मृदाशास्त्रज्ञांचा भर खालच्या थरावर आहे. वरची माती नांगरट, मुळे, गांडुळे आणि उन्हाळ्याचे ऊन यांनी काही वर्षांत सावरते. दीड फुटाच्या खाली मात्र यांपैकी फारसे काही पोहोचत नाही. स्वीडनचे इंगे हॉकनसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक देशांत दहा टन आसभाराचे प्रयोग चालवले, त्यांत खोल थराचा दाब वर्षानुवर्षे टिकून राहिल्याचे आढळले. ओल्या जमिनीत एका आसावर सहा टनांहून जास्त भार नेऊ नये, ही शिफारस त्या कामातून पुढे आली. 2022 मध्ये थॉमस केलर आणि डॅनी ओर यांनी दाखवले, की भरलेल्या धान्य कापणी यंत्राचे वजन 1958 मध्ये चार टनांच्या आसपास होते, ते 2020 पर्यंत 36 टनांवर गेले. टायर रुंद होत गेल्याने वरच्या मातीवरचा दाब जवळपास तितकाच राहिला आणि खालच्या मातीवरचा ताण मात्र वाढत गेला. जगातल्या सुमारे 20 टक्के लागवडीखालच्या जमिनीला खोल दाबाचा मोठा धोका आहे, असा त्यांचा अंदाज आहे.

चौथे म्हणणे काळ्या जमिनीच्या बाजूचे. दख्खनच्या बेसॉल्टपासून झालेली ही माती भिजली की फुगते, सुकली की आक्रसते. उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात, पहिल्या पावसात वरची बारीक माती त्यांत पडते आणि जमीन स्वतःला उलटीपालटी करते. अशी जमीन दबली तरी स्वतःच सैल होते, असे अनेक जाणते शेतकरी सांगतात. ऑस्ट्रेलियातल्या याच जातीच्या जमिनींवर झालेल्या अभ्यासांतही ओल-वाळीच्या फेऱ्यांनी रचना काही प्रमाणात परत येते, असे दिसले आहे.

या म्हणण्यात तथ्य आहे, पण त्याला एक अट आहे: जमीन खोलवर सुकायला हवी. बारमाही उसाखाली ती सुकत नाही. लागण, खोडवा, निडवा अशी तीन-चार वर्षे पाणी चालू राहते, आणि पाचटाचे आच्छादन असेल तर ओल आणखी टिकते. दुसरी अडचण रासायनिक आहे. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेत डी. के. पाल आणि सहकाऱ्यांनी काळ्या जमिनींवर केलेल्या कामातून असे पुढे आले, की कमी पावसाच्या प्रदेशात चुनखडी तयार होत जाते तसा मातीतला सोडियमचा वाटा वाढतो, आणि तो थोडा वाढला तरी पाण्याचा निचरा मंदावतो. अशा मातीची कणरचना आधीच कमकुवत असते. प्रवरेच्या पट्ट्यात चोपण जमिनी नव्या नाहीत. तिथे चाकाचा दाब आणि सोडियमचा परिणाम एकमेकांवर चढतात, आणि खोडवा पिवळा पडला तर दोष कोणाचा हे वेगळे काढणे अवघड होते.

उपाय आणि त्यांची किंमत

उपायांबद्दल मतभेद वाटतात त्यापेक्षा कमी आहेत. प्रत्येक उपायाला काहीतरी मोजावे लागते, खरी रस्सीखेच तिथे आहे.

पहिला उपाय रुंद सरी. अडीच-तीन फुटांच्या जुन्या सरीत यंत्र चालतच नाही. आता साडेचार-पाच फुटांची शिफारस होते. पण हिशेब इथे संपत नाही. मोठ्या हार्वेस्टरच्या दोन बाजूंच्या चाकांतले अंतर 1.8 मीटरच्या पुढे असते. यंत्र एका ओळीवरून चालताना त्याची चाके ओळीपासून दोन्हीकडे सुमारे 90 सेंटिमीटरवर पडतात. सरी चार फुटांची, म्हणजे 120 सेंटिमीटरची असेल तर चाकाचा मध्य शेजारच्या ओळीपासून फक्त 30 सेंटिमीटरवर येतो आणि टायरची कड बुडख्याला भिडते. पाच फुटांवर हेच अंतर 60 सेंटिमीटर होते आणि बुडखा वाचतो.

पाच फुटांच्या सरीत एका एकरात उसाची ओळ सुमारे 2.7 किलोमीटर भरते. तेवढे अंतर हार्वेस्टर चालतो आणि जवळजवळ तेवढेच त्याच्या शेजारून इनफिल्डर. दोन ओळींमधल्या प्रत्येक पट्ट्यावर दोन्ही यंत्रांची चाके पुन्हा पुन्हा येतात. म्हणूनच चाक नेहमी त्याच पट्ट्यावर ठेवावे आणि ओळीची माती कायम मोकळी राखावी, हा 'ठरावीक वाट' पद्धतीचा विचार पुढे आला. ऑस्ट्रेलियात 1990 च्या दशकात घटत्या ऊस उत्पादनाचा शोध घेणारा मोठा संयुक्त प्रकल्प झाला. त्याने दोष तीन गोष्टींना दिला: सतत उसावर ऊस, अवजड यंत्रांची अनिर्बंध ये-जा आणि अति मशागत. चाकांच्या अंतराशी जुळणारी सरी, मध्ये कडधान्य किंवा सोयाबीनसारखे पीक, कमी मशागत आणि पाचट राखणे, हा त्यावरचा त्यांचा एकत्रित उपाय होता. त्यांचे फड मैलोन्मैल सरळ असतात. आपल्याकडे वाटणीच्या तुकड्यांत ओळ शंभर-दोनशे फुटांवर संपते आणि यंत्राचा बराच वेळ वळण्यातच जातो. चार शेजाऱ्यांनी सरीची दिशा एक केली तर यातला बराचसा प्रश्न सुटतो, पण त्यासाठी बांधावर एकमत व्हावे लागते.

दुसरा उपाय सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात अवघड: पाणी वेळेवर तोडणे. भारी काळ्या जमिनीत तोडणीआधी दोन-तीन आठवडे पाणी थांबले तर जमीन भार सोसण्याइतकी आवळते. पण तोडणीची तारीख शेतकऱ्याला पक्की ठाऊक नसते. कारखान्याची तोडणीची चिठ्ठी आज येईल की महिन्याने, याचा भरवसा नसताना पाणी तोडले तर ऊस वाळतो आणि वजन घटते. त्यात कालव्याचे आवर्तन आले तर ते सोडवत नाही. शेजाऱ्याच्या भिजवणीचा पाझरही आत येतो. परतीचा किंवा अवकाळी पाऊस झाला तर सारेच गणित मोडते.

तिसरा मार्ग चाकाचा. कमी हवेवर चालणारे रुंद टायर, एकाऐवजी दोन आसांवर वाटलेला भार, किंवा टायरऐवजी पट्ट्याची साखळी. फडात हवा कमी आणि रस्त्यावर जास्त, हे एकाच गाडीला करायचे तर हवा बदलण्याची सोय लागते आणि ती महाग पडते. त्यापेक्षा फडातली गाडी वेगळी आणि रस्त्यावरची वेगळी ठेवणे सोपे. इनफिल्डरची पद्धत मुळात हेच करते. हाताने तोडलेल्या फडासाठीही भरणी बांधावर व्हावी असे सुचवले जाते, पण मग मोळी डोक्यावर घेऊन चालण्याचे अंतर वाढते आणि तो भार मजुरावर पडतो.

दबलेली जमीन पुन्हा मोकळी करण्यासाठी सबसॉयलर आहे. लागणीआधी, उन्हाळ्यात जमीन पूर्ण वाळलेली असताना दीड-दोन फूट खोल चालवला तर कडक थर तडकतो. ओल्या जमिनीत चालवला तर पाते माती तडकवत नाही, गुळगुळीत चीर पाडून जाते. आणि मोकळी केलेली माती अधिक नाजूक असते. त्याच वर्षी तिच्यावर पुन्हा बेभान चाक गेले तर ती आधीपेक्षा जास्त दबू शकते. पाणथळ भागासाठी मोल नांगराने भूमिगत निचऱ्याच्या नळ्या काढण्याचे काम सांगली जिल्ह्यातल्या कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राने पुढे नेले आहे. निचरा झाला की वाफसा लवकर येतो, म्हणून दाबाच्या प्रश्नालाही त्याचा उपयोग होतो. याच्या जोडीला ताग-धैंचा गाडणे, निडव्यानंतर एक हंगाम हरभरा किंवा सोयाबीन घेणे हे जुने उपाय आहेतच. मात्र त्यांत एका उसाचे उत्पन्न सोडावे लागते.

जंगलाकडून काय घेता येईल

जंगलांच्या अनुभवातून दोन गोष्टी पक्क्या झाल्या आहेत. पहिली: बहुतांश नुकसान पहिल्या काही फेऱ्यांतच होते. एकदा दबलेल्या वाटेवरून दहाव्यांदा गेल्याने फार भर पडत नाही, पण नव्या जागेवरून एकदाच गेले तरी ती जागा बिघडते. म्हणून जर्मनीत यंत्रांसाठी ठरावीक गल्ल्या आखतात, वीस किंवा चाळीस मीटरच्या अंतराने, आणि यंत्राने गल्ली सोडायची नाही असा दंडक असतो. थोडी जमीन कायमची चाकाला द्यायची आणि उरलेली कायमची वाचवायची, असा तो सौदा आहे. उसातली ठरावीक वाट हीच कल्पना आहे.

दुसरी: तोडलेल्या झाडांच्या फांद्या-डहाळ्या वाटेवर पसरून तिच्यावरून यंत्र नेले की भार वाटला जातो. फडात हे काम पाचट करील का, असा प्रश्न साहजिक आहे. एकरी तीन-चार टन पाचट पडते, पण ते हलके असते आणि यंत्राने बारीक कापलेले असते. फांद्यांच्या जाड गादीसारखा भार ते वाटू शकत नाही. शिवाय त्याखाली जमीन उशिरा सुकते. पाचटाचा खरा लाभ सेंद्रिय कर्ब आणि गांडुळे यांच्या वाटेने येतो आणि त्याला वर्षे लागतात.

युरोपातल्या काही देशांनी हा विषय कायद्यातही आणला आहे. स्वित्झर्लंडच्या 1998 च्या मृदा-नियमावलीत प्रदूषणाबरोबर मातीच्या दाबाचाही विचार आहे. टायर, हवा, आसभार आणि जमिनीची ओल भरली की किती खोलवर धोका पोहोचेल हे सांगणारी 'टेरानिमो' नावाची संगणकीय प्रणाली तिथे आणि डेन्मार्कमध्ये विकसित झाली. मालकाला यंत्र आत घालण्याआधी धोका पाहता येतो.

जे अजून सुटलेले नाही

एक, मर्यादा किती टनांची? सहा टनांचा आकडा थंड हवेच्या, वेगळ्या मातीच्या देशांतून आला आहे. फुगणाऱ्या-आक्रसणाऱ्या, काही ठिकाणी चोपण झालेल्या काळ्या जमिनीला तो जसाच्या तसा लावावा की आणखी खाली आणावा, हे इथल्या फडांत, इथल्या ओलीवर मोजूनच ठरेल.

दोन, घट कशाची? खोडव्याचे वजन कमी आले तर त्यामागे चाकाचा दाब, हुमणी, उशिरा तोड, कमी खत, खारे पाणी आणि ऊसजात यांतले काहीही असू शकते. एकाच फडात चाक गेलेल्या आणि न गेलेल्या ओळींचे वेगवेगळे वजन घेतल्याशिवाय हा गुंता सुटत नाही. कारखान्यांकडे सर्व्हे नंबरनिहाय लागण-खोडव्याच्या टनांची वर्षानुवर्षांची नोंद असते. तोड हाताने झाली की यंत्राने, आणि त्या दिवशी जमीन कशी होती, या दोन रकान्यांची तिच्यात भर पडली तरी पुष्कळ उलगडेल.

तीन, थांबण्याचा खर्च कोणाचा? पावसानंतर फड वाफशावर यायला आठ दिवस लागणार असतील तर कारखान्याला ऊस हवा असतो, यंत्रमालकाच्या कर्जाचे हप्ते चालू असतात, आणि शेतकऱ्याला गव्हासाठी किंवा नव्या लागणीसाठी रान मोकळे हवे असते. प्रत्येकाला घाई आहे आणि प्रत्येकाचे कारण खरे आहे. तोडणी-वाहतुकीचा खर्च एफआरपीतून, म्हणजे उसाच्या रास्त व किफायतशीर दरातून, वजा होतो आणि मोबदला टनावर ठरतो. जमीन ओली असताना यंत्र थांबवले तर त्या दिवसाचे नुकसान भरून देणारी कोणतीही तरतूद या हिशेबात नाही. काहींच्या मते तोडणीच्या कार्यक्रमातच हलक्या, लवकर सुकणाऱ्या जमिनी पावसानंतर आधी आणि भारी जमिनी नंतर असा क्रम लावता येईल. तसे केले तर उसाच्या पक्वतेनुसार आणि लागणीच्या तारखेनुसार ठरलेला क्रम मोडतो आणि पक्षपाताच्या तक्रारी वाढतात, असे दुसरी बाजू म्हणते. दोन्ही म्हणण्यांत वजन आहे.

चार, लहान यंत्र की मोठे? हलके यंत्र जमिनीला सोसते आणि लहान तुकड्यांत वळते. पण ते कमी तोडते, जाड आणि लोळलेल्या आडसाली उसात अडखळते आणि टनामागचा खर्च वाढवते. अनुदान देताना यंत्राच्या किमतीबरोबर त्याचा आसभार आणि चाकांतले अंतरही निकषांत घ्यावे, ही सूचना विचारात घेण्याजोगी आहे. शंभर-दीडशे टन तोडणाऱ्या यंत्राची जागा हलक्या यंत्रांनी कितपत भरून निघेल, हे मात्र हंगाम चालवूनच कळेल.

कोल्हारच्या वरच्या अंगाला या प्रश्नांची उत्तरे शोधायची एक संधी सध्या उपलब्ध आहे. 1970 मध्ये मंजूर झालेल्या निळवंडे प्रकल्पाच्या डाव्या कालव्यातून 2023 मध्ये पाणी सुटले आणि संगमनेर-राहात्याच्या कोरडवाहू गावांत बारमाही पिकांची शक्यता उघडली. तिथल्या अनेक शेतांत अजून उसाचा एकही खोडवा झालेला नाही आणि हार्वेस्टर शिरलेला नाही. पहिली लागण करण्याआधी तिथे खड्डे घेऊन घनता, निचरा आणि सोडियम मोजला, सरीची रुंदी यंत्राच्या चाकांना जुळवून ठेवली आणि दर तोडणीनंतर त्याच जागी पुन्हा मोजले, तर पाच-सहा वर्षांत या पट्ट्याला स्वतःचे आकडे मिळतील. राहुरीचे विद्यापीठ, बाभळेश्वरचे केंद्र आणि कारखान्यांचे शेतकी विभाग हे तिघेही त्या गावांपासून तासाभराच्या अंतरावर आहेत. मोजणी सुरू करायची तर ती पहिला हार्वेस्टर फडात उतरण्याआधीच करावी लागेल.